नॉर्डश्लायफेवर गाडी चालवण्याआधी कुंपणाशी उभे राहावे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. तुम्ही नाशिकचे, वय २७, घरी स्विफ्ट आहे, कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन ट्रॅक डे केलेले आहेत आणि जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग संकुलातल्या नॉर्डश्लायफे या लांब ट्रॅकच्या ३०० हून अधिक फेऱ्या सिम्युलेटरवर मारलेल्या आहेत. सप्टेंबरमध्ये आईला घेऊन कोलोनला मामांकडे जाणार आहात, त्यातले तीन दिवस या ट्रॅकसाठी राखून ठेवले आहेत, आणि तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की गाडी कोणती घ्यावी, मामांची गाडी चालेल का, दिवसाला किती फेऱ्या माराव्यात आणि तेवढ्या वेळात आई व मामा-मामींना बघायला कुठे बसवावे.

मी नाशिकचाच आहे. रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून सुरुवात केली, पुढे स्वतः चालवू लागलो आणि गेली बारा वर्षे मुख्यतः चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर नवीन चालकांना शिकवतो. नॉर्डश्लायफेवर चार वेळा जाऊन आलो आहे, साठेक फेऱ्या झाल्या असतील. तिथे आयुष्यभर गाडी चालवणाऱ्यांच्या तुलनेत हा अनुभव लहान आहे. पण नाशिकहून तिथे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय असते आणि तिथे नेमके काय चुकते, हे मला जवळून ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. त्या दिवशीचे हवामान, गर्दी, तुमच्या हाती येणाऱ्या गाडीचे टायर आणि तुमचा स्वतःचा स्वभाव यांविषयी मी इथे बसून निकाल देऊ शकत नाही.

तुम्ही गाडीबद्दल विचारले आहे. माझ्या मते खरा प्रश्न सरावाचा आहे. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. स्विफ्टसारख्या गाडीला एका फेरीला दीड मिनिटाच्या आतबाहेर वेळ लागतो असे धरले, तर वीस मिनिटांच्या सत्रात तेच वळण तुम्हाला तेरा-चौदा वेळा भेटते. एकदा ब्रेक उशिरा लागला, तर दीड मिनिटाने दुरुस्तीची संधी हजर असते, आणि आधीची चूक अंगात ताजी असते. नॉर्डश्लायफे २०.८३२ किलोमीटरचा आहे, अधिकृत मोजणीनुसार त्यात ७३ वळणे आहेत आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या बिंदूंत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. सामान्य लोकांसाठी ट्रॅक खुला असतो त्या वेळी प्रत्येक फेरी संपताना बाहेर पडावे लागते आणि पुन्हा फाटकातून आत यावे लागते. सरासरी ताशी १०० किलोमीटर वेग ठेवला तरी आत जवळपास साडेबारा मिनिटे जातात, वर फाटकावरची रांग, विश्रांती आणि अपघातामुळे ट्रॅक बंद राहण्याचा वेळ वेगळा. म्हणजे चुकलेले वळण पुन्हा भेटायला अर्धा तास लागू शकतो, आणि दरम्यान इतकी वळणे येऊन गेलेली असतात की चूक नेमकी काय होती हेच आठवत नाही. दिवसभरात सहा फेऱ्या मारणारा माणूस प्रत्येक वळणाला फक्त सहा वेळा भेटतो. तेवढ्यात कोणीच काही शिकत नाही.

मग शिकायचे कसे, याचे माझे उत्तर तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल: त्या ट्रॅकवर सराव कुंपणाबाहेर उभे राहून होतो. एका वळणाशी तासभर थांबलात, तर गर्दीच्या दिवशी शेकडो गाड्या त्याच वळणातून जाताना दिसतात. काही चांगल्या जातात, काही वाईट, काही थोडक्यात वाचतात. चालवताना जी पुनरावृत्ती मिळत नाही ती पाहताना मिळते. म्हणून गाडी चालवणे आणि ट्रॅक बघणे या दोन गोष्टी तुम्ही प्रश्नात वेगळ्या मांडल्या असल्या, बघणे आईसाठी आणि चालवणे स्वतःसाठी अशी वाटणी केली असली, तरी ती वाटणी मी आधी मोडायला सांगेन.

हे मी फुकटात शिकलेलो नाही. पहिल्या भेटीत, संध्याकाळच्या सत्रात, दुसऱ्याच फेरीत मी आडेनाउअर फोर्स्टला सरळ गवतात गेलो. तिथली रचना अशी आहे: आरेमबर्गचे उजवे वळण संपल्यावर रस्ता फुक्सरोरे नावाच्या भागात झाडांमधून वेगाने खाली उतरतो. उतारावर हलकी डावी-उजवी वळणे आहेत, पण ती जवळपास सरळच घेता येतात. तळाशी गाडी इतकी दबते की पोट खाली बसल्यासारखे वाटते, आणि लगेच चढ सुरू होतो. चढाच्या वर एक टेकाड आहे, आणि टेकाडापलीकडे डावीकडे वळून लगेच उजवीकडे जावे लागते. टेकाडाच्या अलीकडून हे काहीच दिसत नाही. फक्त आकाश आणि झाडांचे शेंडे दिसतात. मला त्या क्षणी खात्री होती की हे दुसरेच, आधीचे टेकाड आहे आणि पलीकडे रस्ता सरळ आहे. वेग फार नव्हता, गवत कोरडे होते, गाडीला ओरखडाही आला नाही. मात्र त्या संध्याकाळी मी तिसरी फेरी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी कुंपणाबाहेर तीन तास उभा राहिलो. पहिला अर्धा तास नुसते गाड्यांचे रंग पाहण्यात आणि आवाज ऐकण्यात गेला. मग हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. टेकाडावरून गाडीचे डोके वर येते त्या क्षणी तिचे नाक कसे आहे ते पाहायचे. ज्या गाडीचे नाक सपाट असे, म्हणजे चालकाने ब्रेकचे काम टेकाडाच्या अलीकडेच उरकलेले असे, ती वळणात शांतपणे शिरत असे आणि तिची पुढची चाके एकदाच वळत. ज्या गाडीचे नाक खाली दबलेले दिसे, म्हणजे टेकाडावरच ब्रेक चालू असे, तिची मागची बाजू हलकी होऊन हलत असे, चालक स्टिअरिंग दोनदा-तीनदा दुरुस्त करत असे आणि पुढचे उजवे वळण त्याच्या हातून हमखास रुंद, म्हणजे बाहेरच्या कडेकडे, जात असे. कारण साधे आहे: टेकाडावर गाडी वर उचलली जाते, चाकांवरचा भार कमी होतो, आणि ज्या टायरवर भार नाही त्याच्याकडून ब्रेकही मिळत नाही आणि वळणही मिळत नाही. हे मी वर्गात अनेकांना फळ्यावर काढून शिकवले होते. तरीही स्वतः गवतात गेलो, कारण मला तत्त्व माहीत होते, पण ते नेमके कुठे लागू करायचे ती जागा माहीत नव्हती.

त्या ट्रॅकचा इतिहासही हेच सांगतो. १९२७ मध्ये आयफेलच्या डोंगरांत तो सुरू झाला तेव्हापासून तिथे जागेची ओळख असणाऱ्यांनी वेगवान गाड्यांवर मात केलेली आहे. १९६८ च्या जर्मन ग्रां प्रीत पाऊस आणि दाट धुके होते, पुढचे काही दिसत नव्हते, आणि जॅकी स्टुअर्ट चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकले. ट्रॅकला ‘हिरवा नरक’ हे नाव त्यांनीच दिले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा बेर्गवेर्क या वळणाजवळ जळत्या गाडीत अडकले, आणि त्यांना बाहेर काढले ते मागून येऊन थांबलेल्या इतर चालकांनी, कारण इतक्या लांब ट्रॅकवर मदतपथक सर्वत्र वेळेत पोचणे शक्यच नव्हते. त्यानंतर फॉर्म्युला वन पुन्हा नॉर्डश्लायफेवर आली नाही. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. चूक झाली तर तिथे आजूबाजूला मोकळी जागा नाही, बहुतेक ठिकाणी अरुंद गवताच्या पट्टीनंतर लगेच लोखंडी रेलिंग आहे, आणि कारीवरची तुमची सवय वेगळी आहे, एवढे मनात असावे.

आता सिम्युलेटरविषयी. तुमच्या ३०० फेऱ्या वाया गेलेल्या नाहीत. वळणांचा क्रम पाठ असणे ही मोठी शिदोरी आहे, आणि ती नसेल तर मी जाऊच नका म्हणालो असतो. पण सिम्युलेटर तुम्हाला चढ-उताराची खरी तीव्रता सांगत नाही. पडद्यावर फुक्सरोरे हा उतार वाटतो. प्रत्यक्षात तो विहिरीत उतरल्यासारखा वाटतो. तळाशी होणारा दाब, कारुसेल नावाच्या वळणाच्या काँक्रीटच्या फरशीवर दातांपर्यंत जाणवणारे धक्के, झाडांच्या सावलीत ओला राहिलेला पट्टा आणि मुख्य म्हणजे भीती, हे घरातल्या खुर्चीत मिळत नाही. सिम्युलेटरवर आठ मिनिटांत फेरी होते म्हणून प्रत्यक्षात नऊ मिनिटांत होईल असा हिशेब कृपया करू नका. खुल्या सत्रात वेळ मोजण्याला मनाईच आहे, आणि ती योग्य आहे. तिथे तो टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता मानला जातो आणि जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू असतात.

क्रमाची पाठांतरापलीकडची तयारी करायची असेल, तर नॅव्हिगेटरची पद्धत वापरा. रॅलीत आम्ही पेसनोट्स लिहितो, म्हणजे पुढचे वळण किती तीव्र, त्याच्या आधी टेकाड आहे का, नंतर लगेच काय येते, हे ठरलेल्या छोट्या शब्दांत वहीत उतरवतो आणि चालकाला ऐकू जाईल अशा बेताने वाचतो. तुम्ही नॉर्डश्लायफेच्या अशा नोट्स मराठीत लिहा. मराठीत म्हणतो ते भावनेपोटी नव्हे. घाईच्या क्षणी मातृभाषेतला शब्द लवकर पोचतो, हे मी शिकवताना वारंवार पाहिले आहे. माझ्या वहीत त्या गवताच्या जागेची ओळ अशी आहे: ‘लांब उतार, सरळच सोड, तळ, दाब, चढ, आकाश दिसले की आधीच हळू, डावे, लगेच उजवे.’ ‘आधीच’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. अशा ओळी सगळ्या ७३ वळणांच्या लिहिण्याची गरज नाही. ज्या दहा-बारा जागी पुढचे दिसत नाही, तेवढ्यांच्या लिहा. माझ्या यादीत फ्लुगप्लात्सचे टेकाड, श्वेडनक्रॉइत्सचे वेगवान डावे, आरेमबर्ग, आडेनाउअर फोर्स्ट, कालेनहार्ड, बेर्गवेर्क, कारुसेलचे तोंड आणि फ्लांत्सगार्टनच्या उड्या हमखास असतात.

याचा सराव आपल्याकडे करता येतो, आणि त्यासाठी वेगाची अजिबात गरज नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा घाट घ्या. गाडी दुसऱ्या कोणी चालवावी, नेहमीच्या भाविकांच्या वेगाने. तुम्ही शेजारी बसून पुढचे वळण दिसण्याआधी ते तोंडाने सांगायचे. पहिल्यांदा निम्मी चुकतील. घरी येऊन आठवेल तेवढे कागदावर काढा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच करायला लावतो. न दिसणारा रस्ता डोक्यात धरून ठेवण्याची ही सवय एकदा लागली, की नॉर्डश्लायफेवर ती जशीच्या तशी उपयोगी पडते. घाटात वेगाने चालवून सराव करण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. त्या रस्त्यावर गडावर पायी जाणारी माणसे असतात.

दुसरी तयारी बाजूची. आपण डावीकडून चालवतो आणि उजवीकडून ओलांडतो. तिथे सगळे उलट आहे. तुम्ही डावीकडे बसणार, गिअर उजव्या हाताने टाकणार, मागून वेगवान गाडी आली की उजवीकडे राहून तिला डावीकडून जाऊ देणार. नेहमीच्या वाहतुकीत हे तासाभरात जमते. परंतु अचानक आरशात दिवे दिसले की जुनी सवय उफाळून येते आणि भारतीय चालक डावीकडे सरकतो, म्हणजे नेमका मागच्याच्या वाटेत. माझ्यासोबत आलेल्या दोघांकडून हे झाले आहे. शिवाय डावीकडे बसल्यामुळे गाडीच्या उजव्या बाजूचा अंदाज चुकतो आणि उजवीकडचे रेलिंग वाटते त्यापेक्षा जवळ येते. म्हणून पहिला पूर्ण दिवस मामांच्या गाडीने कोलोनच्या आसपास साध्या रस्त्यांवर आणि महामार्गावर काढा. कोलोनहून न्यूरबुर्ग सुमारे नव्वद किलोमीटर आहे, तेवढे अंतर जाता-येता चालवलेत तरी पुष्कळ. ट्रॅकवर उजवा इंडिकेटर देऊन ‘तुम्हाला पाहिले आहे, पुढे जा’ असे सांगण्याची पद्धत आहे. ती सुरुवातीपासून पाळा, पण त्यासाठी वळणाच्या मध्यावर आपली रेघ, म्हणजे गाडीचा धरलेला मार्ग, सोडू नका. वेगवान चालकाला तुम्ही कुठे असणार याचा अंदाज हवा असतो, आणि अचानक बाजूला झालेली गाडी त्याला जास्त अडचणीची ठरते.

आता गाडी. मामांची गाडी ट्रॅकवर नेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक विमा पॉलिसींत नॉर्डश्लायफेवरचे नुकसान वगळलेले असते, आणि विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या गाड्यांच्या करारात तर तिथे जाण्यास बहुधा सरळ मनाई असते. मामांची पॉलिसी चालत असली तरी, ती त्यांच्या रोजच्या वापराची गाडी आहे ही जाणीव तुमच्या डोक्यावर बसेल. न्यूरबुर्ग आणि आडेनाऊच्या परिसरात खास या ट्रॅकसाठी गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. त्यांच्याकडून सुमारे १२५ ते १५० अश्वशक्तीची, पुढची चाके ओढणारी छोटी हॅचबॅक घ्या. स्विफ्टची स्पोर्ट आवृत्ती अशा ताफ्यांमध्ये वर्षानुवर्षे दिसत आली आहे, आणि तुम्हाला तिची बसण्याची ठेवण आधीच परिचयाची असेल. जास्त ताकदीच्या गाडीने चढावर वेळ वाचतो आणि उताराच्या शेवटी तेवढाच जास्त वेग ब्रेकला गिळावा लागतो. पहिल्या भेटीत त्या व्यवहारात चालकाचा फायदा नसतो. सही करण्याआधी करारातली एक गोष्ट नीट वाचा: नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल. रेलिंगची दुरुस्ती, गाडी ओढून नेणे आणि ट्रॅक बंद राहिल्याचा खर्च यांची बिले चालकाकडे येतात आणि ती भाड्याच्या रकमेहून कितीतरी मोठी असू शकतात. ती रक्कम तुम्हाला झेपणार नसेल, तर चालवण्याचा बेत रद्द करून अनुभवी चालकाच्या शेजारी बसून फेरी मारणे जास्त शहाणपणाचे ठरेल, आणि ती फेरीही विसरता येण्यासारखी नसते.

किती फेऱ्या, याचे उत्तर: दोन दिवसांत मिळून सहा, आणि एका वेळी सलग दोनपेक्षा जास्त नाही. अलीकडच्या वर्षांत एका फेरीचा दर साधारण तीस-पस्तीस युरोंच्या घरात आहे, तेव्हा पैशांचाही विचार आहेच, पण माझे कारण वेगळे आहे. पहिले कारण गाडीचे. आरेमबर्गपासून ब्राइडशाइडच्या पुलापर्यंत, मधला आडेनाउअर फोर्स्टकडचा चढ सोडला तर, रस्ता एकसारखा खाली जातो आणि ब्रेक पुन्हा पुन्हा तापतात. कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबत येणाऱ्या गाडीचा वास तुम्हाला माहीत असेल. तेच इथे दुप्पट वेगाने होते. पॅडल खोल जाऊ लागले, तर ब्रेकचे तेल उकळू लागले आहे असे समजा आणि त्या फेरीपुरता वेगाचा विषय संपवा. शेवटच्या ड्योटिंगर ह्योहेच्या दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर वेग काढण्याचा मोह होतो. तो पट्टा ब्रेक थंड करण्यासाठी वापरा, आणि पार्किंगमध्ये थांबल्यावर हॅण्डब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवा. दुसरे कारण चालकाचे. बारा-तेरा मिनिटे पूर्ण एकाग्रता ही कारीच्या आठ-नऊ सलग फेऱ्यांइतकी मेहनत आहे, फरक इतकाच की इथे प्रत्येक वळण नवे असते. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस मन थकते आणि शरीराला ते कळत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेकांच्या चुका ‘आता जमू लागले’ असे वाटू लागल्यावर झाल्या आहेत.

पहिली फेरी थंड टायरवर सुरू होते, हेही लक्षात ठेवा. आत शिरल्यावर लगेच आंतोनियुसबुखे आणि टिअरगार्टनचे वेगवान भाग येतात, आणि मग हात्सेनबाखची डावी-उजवी साखळी. टायर अजून गरम झालेले नसतात, आणि सिम्युलेटरवर मात्र तुम्ही हात्सेनबाखला पूर्ण पकडीने जात असता. पहिल्या चार-पाच किलोमीटरात मुद्दाम मागे राहा. पावसाविषयीही सांगतो: आयफेलमध्ये एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हे नेहमीचे आहे. फाटकाजवळ रस्ता कोरडा दिसला म्हणून बेर्गवेर्कला कोरडा असेल असे गृहीत धरू नका. बाहेर येणाऱ्या गाड्यांच्या चाकांमागे पाणी उडते आहे का, हे फाटकाशी पाच मिनिटे उभे राहून पाहिले की निम्मे उत्तर मिळते.

तेव्हा तीन दिवसांची आखणी मी अशी करेन. पहिला दिवस साध्या रस्त्यावर सवय करण्याचा, आणि संध्याकाळी खुले सत्र असेल तर आडेनाउअर फोर्स्टच्या कुंपणाशी तासभर. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन दोन फेऱ्या, मधे लांब विश्रांती, वहीत नोंदी, मग पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी आधी जिथे तुम्हाला शंका आली त्या वळणाशी उभे राहून बघायचे आणि नंतर उरलेल्या तीन फेऱ्या. कामाच्या दिवशी ट्रॅक बहुधा फक्त संध्याकाळचे दोन-तीन तास खुला असतो, बाकी वेळ वाहन कंपन्यांच्या चाचण्या आणि शर्यती चालतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी अधिकृत वेळापत्रक पाहून तीन दिवस ठरवा. एनएलएस या सहनशक्ती मालिकेची शर्यत तुमच्या तारखांमध्ये बसत असेल, तर चालवण्याची एक संध्याकाळ सोडून ती पाहा. त्या शर्यती बहुतेक चार तासांच्या असतात. तीत जीटी३ वर्गातल्या ताकदवान शर्यतीच्या गाड्या आणि छोट्या हॅचबॅक एकाच ट्रॅकवर असतात, आणि छोट्या गाडीतला चांगला चालक आरसा सांभाळत स्वतःची रेघ कशी राखतो, हे पाहण्यासारखे दुसरे शिक्षण तुमच्यासाठी नाही. पिवळे झेंडे कुठे दाखवतात आणि चालक किती लवकर पाय काढतात, तेही पाहा.

जाण्याआधी नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि मूळ परवाना सोबत ठेवा. गाडी देणारे दोन्ही मागतात.

शेवटी आई आणि मामा-मामी. त्यांना ब्र्युनशेन या वळणाशी न्या. तिथे वाहनतळ जवळ आहे, फार चालावे लागत नाही, चढावर बसायला जागा आहे आणि गाड्या उतारावरून येऊन वळून पुन्हा चढताना बराच वेळ डोळ्यांसमोर राहतात. आडेनाउअर फोर्स्ट किंवा कारुसेलला जंगलातून चालत जावे लागते; पाऊस पडून गेला असेल तर वाट चिखलाची असते आणि आईला त्रास होईल. कुठेही उभे राहिलात तरी प्रेक्षकांसाठी ठरवलेल्या कुंपणामागेच राहा आणि कुंपणाला चिकटून उभे राहू नका. मार्च २०१५ मध्ये फ्लुगप्लात्सला शर्यतीतली एक गाडी टेकाडावरून हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतर त्या भागातले उंचवटे कमी करण्यात आले आणि कुंपणे वाढवली गेली, पण जागेचे स्वरूप तेच आहे.

नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर आहे आणि त्या ट्रॅकचा वरचा भागही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे, म्हणून आपल्याला हवा ओळखीची वाटेल असा समज होतो. सप्टेंबरची संध्याकाळ तिथे आपल्या जानेवारीतल्या पहाटेसारखी असू शकते. आईसाठी जाड स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये चहा आणि बसायला घडीची खुर्ची न्या. त्यांना एक कामही द्या: ब्र्युनशेनला उतरताना ज्या गाड्या डुलतात आणि ज्या डुलत नाहीत त्या दोन रकान्यांत मोजायला सांगा. माझ्या पत्नीने एकदा दोन तास असे मोजले होते, आणि त्या संध्याकाळी मी फेरी संपवून आलो तेव्हा तिने मला माझी गाडी कोणत्या रकान्यात लिहिली आहे ते दाखवले. पुढच्या फेरीत मी तिथे ब्रेक गाडीच्या एका लांबीइतका अलीकडे लावला. तुमच्या नोट्सची वही तयार झाली की तिची छायाचित्रे इथेच टाका. न दिसणाऱ्या जागांच्या ओळी मी निघण्यापूर्वी वाचून देईन.